परसातला शिक्रा कसा ओळखावा?

अंगणात दाणे टिपणाऱ्या चिमण्या एकाएकी भुर्रकन उडून जातात, खार चिरचिरू लागते आणि सातभाईंचा एकच कलकलाट सुरू होतो. जवळपास शिकारी पक्षी आल्याची ही खूण होय. महाराष्ट्रातील गावा-शहरांत हा पाहुणा बहुधा शिक्रा असतो. मात्र त्याला सरसकट ‘ससाणा’ म्हटले जाते. कधी कधी तर निरुपद्रवी पावशालाच शिक्रा समजून दगड मारले जातात.

शिक्रा साधारण कबुतराएवढा असतो. प्रौढ नराची पाठ राखाडी, तर पांढुरक्या पोटावर तांबूस आडव्या रेषा असतात. डोळे लाल असतात. मादी नराहून मोठी, तपकिरी झाक असलेली व पिवळसर-नारिंगी डोळ्यांची असते. पिल्लाचा रंग तपकिरी असून त्याच्या छातीवर उभे फराटे असतात. त्यामुळे एकाच जातीचे तीन पक्षी तीन वेगळ्या जातींचे वाटू शकतात. म्हणूनच रंगापेक्षा आकार आणि उडण्याची ढब पाहावी. शिक्र्याचे पंख आखूड व गोलसर, शेपटी लांब व पट्टेदार असते. पंखांची चार-सहा वेळा जलद फडफड, मग तरंगणे, अशी त्याची उड्डाणाची रीत आहे. ससाण्याचे पंख लांब व टोकदार असतात.

घार शिक्र्याच्या जवळजवळ दुप्पट लांबीची असून तिच्या शेपटीला मधोमध खाच असते. कापशी पांढरी-राखाडी, खांद्यावर काळा डाग असलेली. ती परसापेक्षा शेतमाळावर हवेत एका जागी फडफडत थांबलेली दिसते.

खरा चकवा पावशा देतो. राखाडी पाठ, पोटावरील रेषा, पट्टेदार शेपटी, इतकेच नव्हे तर उडण्याची पद्धतही शिक्र्यासारखी! अशा वेळी चोच व पाय पाहावेत. शिक्र्याची चोच आखूड व आकडीसारखी वळलेली, पायांना अणकुचीदार नख्या असतात. पावशाची चोच सडपातळ व पाय दुबळे असतात. पावसाळ्याच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ अशी साद घालणारा तो हाच.

शिक्रा सरडे, उंदीर, टोळ आणि लहान पक्षी खातो. मार्च ते जून या काळात तो उंच झाडावर काटक्यांचे घरटे बांधतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्याला मारणे, पकडणे वा त्याचे घरटे मोडणे हा गुन्हा आहे. चिमण्यांची काळजी वाटत असल्यास दाण्या-पाण्याचे भांडे दाट झुडपालगत ठेवावे. मांज्याने जखमी झालेला शिक्रा आढळल्यास त्याला हवेशीर खोक्यात, अंधारात ठेवावे आणि काहीही न भरवता वनविभागाला कळवावे.