सापडलेल्या वस्तूंसाठी घरच्या घरी लाकडी पेटी: काय ठेवता येतं, काय नाही आणि ती बनवायची कशी?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात पायाखाली काय सापडेल, सांगता येत नाही. विहीर खणताना काळ्या खडकाच्या पोकळीत चमकणारे स्फटिक निघतात. नदीकाठच्या दरडीतून खापरं डोकावतात. कधी नांगराच्या फाळाला एखादं जुनं नाणंही लागतं. अशा वस्तू बहुतेक वेळा खिडकीच्या कट्ट्यावर किंवा बिस्किटाच्या डब्यात जातात, आणि वर्षभरात त्या कुठून आल्या हेही विसरलं जातं.

त्यावर सोपा उपाय म्हणजे कप्पे असलेली, काचेच्या झाकणाची लाकडी पेटी. सुतारकामाची थोडी सवय असेल तर ती दोन सुट्ट्यांत तयार होते. पण त्याआधी दोन गोष्टी माहीत हव्यात. काही वस्तू घरी ठेवणं कायद्यात बसत नाही. आणि काही वस्तूंचं नुकसान खुद्द लाकडामुळेच होतं.

या भागात एवढं सापडतं का?

जुन्नर ही सातवाहन काळातली मोठी व्यापारी पेठ. कोकणातून घाटावर येणारा माल नाणेघाटातून इथे यायचा. आजूबाजूच्या डोंगरांत दीडशेहून जास्त लेणी कोरलेली आहेत. मानमोडीच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा मंत्री अयम याचा शिलालेख आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने जुन्नरमध्ये उत्खननही केलं आहे.

त्याहून कितीतरी जुनी गोष्ट बोरीची. कुकडी नदीच्या काठावर, जुन्नर तालुक्यातल्या या गावाजवळ ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि तिथे अश्मयुगीन दगडी हत्यारं मिळाली आहेत. राखेच्या नेमक्या वयावरून संशोधकांमध्ये बराच वाद झाला. हत्यार कोणत्या थरात होतं यावरच त्याचं वय ठरतं. ते तिथून उचलून पेटीत ठेवलं की हा पुरावा कायमचा जातो.

मग पेटीत काय ठेवायचं?

बिनधास्त ठेवता येतील अशा वस्तू भरपूर आहेत: आपल्या शेतातल्या विहिरीतून निघालेले स्टिल्बाइट किंवा अपोफिलाइटचे स्फटिक, ओढ्यातले गारगोटे, झाडांच्या बिया आणि शेंगा, जुनी कुलपं, आजोबांच्या वेळची वजनं, चलनातून गेलेली नाणी. दुसऱ्याच्या विहिरीतला किंवा खाणीतला दगड असेल तर आधी मालकाची परवानगी घ्यायची.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू.

- भारतीय निखात निधी कायदा, १८७८: जमिनीत दडलेली, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. जुनं नाणं ही मर्यादा सहज ओलांडतं. शेत स्वतःचं असलं तरी नियम तोच.
- पुरावशेष आणि कलासंपदा कायदा, १९७२: १०० वर्षं किंवा त्याहून जुन्या वस्तू पुरावशेष ठरतात. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षं आहे. दगड, धातू किंवा भाजलेल्या मातीची शिल्पं अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. परवान्याशिवाय पुरावशेषांचा धंदा करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाहीत.
- संरक्षित स्मारकं: शिवनेरी, लेण्याद्री अशा ठिकाणचा कोरीव दगड उचलणं हा गुन्हा आहे.
- वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२: बिबट्याचं नख, दात किंवा कातडं सापडलं तरी घरी आणायचं नाही. वन विभागाला कळवायचं. भीमाशंकर अभयारण्यातून तर काहीच उचलून आणायचं नाही.

लाकूड वस्तू खराब कसं करतं?

बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट इथे आहे. लाकडातून वर्षानुवर्षं अ‍ॅसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ निघत राहते. मोकळ्या खोलीत ती उडून जाते, बंद पेटीत मात्र साचते. याचा सगळ्यात जास्त फटका शिशाला बसतो. शिशावर पांढरी भुकटी धरते आणि हळूहळू वस्तूच झिजते. सातवाहनांची कितीतरी नाणी शिशाची होती. म्हणजे घरात पिढ्यान्‌पिढ्या आलेलं असं नाणं हौसेने नव्या लाकडी पेटीत ठेवलं, तर काही वर्षांत त्यावरची अक्षरं पुसली जाऊ शकतात. समुद्रावरून आणलेल्या शंख-शिंपल्यांवरही याच वाफेमुळे पांढरी बुरशीसारखी पूड येते.

ओक सर्वांत वाईट समजलं जातं. आपलं सागवानही पूर्ण निर्धोक नाही. प्लायवूड आणि एमडीएफमध्ये लाकडासोबत चिकट रसायनांचीही भर पडते. त्यामुळे नियम साधा: शिसं आणि शंख-शिंपले लाकडी पेटीत ठेवायचेच नाहीत. त्यांच्यासाठी पॉलिप्रॉपिलीनची पारदर्शक डबी बरी. पीव्हीसीचे मऊ पाकीटवाले अल्बम टाळायचे, त्याने तांब्याची नाणी हिरवी पडतात.

ब्रिटिश म्युझियममध्ये अशा साहित्याची परीक्षा घेण्यासाठी ऑडी चाचणी वापरतात. बंद नळीत साहित्याचा तुकडा आणि शिसं, चांदी, तांबं या तीन धातूंच्या पट्ट्या ६० अंश सेल्सिअसवर २८ दिवस ठेवतात. घरी याची ढोबळ नक्कल करता येते. मासेमारीच्या गळाचं शिसं घासून चकचकीत करायचं आणि लाकडाचा तुकडा व ओलसर कापसासोबत बरणीत महिनाभर बंद ठेवायचं. दुसऱ्या बरणीत लाकूड न घालता तेच करायचं. दोन्हींतला फरक डोळ्यांनी दिसतो. शिसं विषारी आहे, म्हणून हातमोजे घालायचे आणि ओलं करून घासायचं, म्हणजे धूळ उडत नाही.

पेटी कशी बनवायची?

लाकूड जुनं आणि पूर्ण वाळलेलं घ्यावं. पाडलेल्या वाड्याच्या दाराची फळी उत्तम. त्यात भुंग्याची भोकं किंवा ताजा भुसा दिसला तर ती फळी नको.

१. चौकट: १२ मिमी जाडीच्या, ६ सेंमी उंचीच्या चार पट्ट्या कापा. दोन ४५ सेंमीच्या, दोन ३० सेंमीच्या. आखूड पट्ट्या लांब पट्ट्यांच्या मध्ये बसतील.

२. काचेची खाच: दोन्ही लांब पट्ट्यांना आणि एका आखूड पट्टीला, वरच्या कडेपासून १ सेंमी खाली, ४ मिमी रुंद आणि ४ मिमी खोल खाच पाडा. दुसऱ्या आखूड पट्टीची उंची ४.६ सेंमी करा. त्या बाजूने काच आत सरकेल, बिजागरी लागणार नाही.

३. जोडणी: गुण्या लावून कोपरे काटकोनात आहेत ना ते पाहा, मग गोंद आणि स्क्रूने जोडा. खालून ४ मिमी प्लायचा तळ बसवा.

४. कप्पे: ६ मिमी जाड, ४ सेंमी उंच पट्ट्या घ्या. पाच पट्ट्या ३० सेंमीच्या, तीन ४२.६ सेंमीच्या. जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे अर्ध्या उंचीपर्यंत खाच मारून एकमेकींत अडकवा. साधारण साडेसहा बाय सात सेंमीचे २४ कप्पे होतात.

५. काच: ३ मिमीची. पेटी जोडून झाल्यावरच माप घ्या, कारण हातकामात एक-दोन मिमीचा फरक पडतोच. मापात २ मिमी ढील ठेवा आणि कडा घासून आणा.

आतून तेलरंग लावायचा नाही, त्यातूनही आम्लं निघतात. तळाला आणि बाजूंना अ‍ॅल्युमिनिअमची फॉइल लावली की लाकडाची वाफ बरीच अडते. तयार पेटी तीन-चार आठवडे उघडी ठेवून मगच भरावी. अस्तराला धुतलेलं कोरं सुती कापड किंवा पॉलिथिन फोम चालतो. लोकरीचं कापड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

चिठ्ठी नसेल तर काय होतं?

पेटी कितीही सुंदर असली तरी नोंद नसलेला स्फटिक म्हणजे फक्त चमकदार दगड. प्रत्येक कप्प्यात क्रमांकाची चिठ्ठी ठेवायची आणि वहीत त्या क्रमांकासमोर गाव, ठिकाण, किती खोलीवर मिळाला, तारीख आणि कोणी दिला हे लिहायचं. पुण्यात दिनकर केळकर यांनी १९२०च्या सुमारास घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली. पुढे त्यांनी तो संग्रह राज्य शासनाकडे सोपवला. आज तो राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून ओळखला जातो.

फोटो टाकताना मात्र सावध राहा. वहीत नेमकी जागा हवी, इन्स्टाग्रामवर नको. लोकेशनसकट टाकलेल्या एका पोस्टने त्या जागी कुदळी घेऊन येणाऱ्यांची रांग लागू शकते.

पावसाळ्यात काय करायचं?

घाटाकडच्या गावांत जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की लोखंड गंजतं आणि सुती अस्तराला बुरशी येते. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. लोखंडी वस्तूंच्या कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. पण सगळीकडे नाही. लॉमोंटाइट नावाचं खनिज आपल्याच भागातल्या खडकात मिळतं आणि कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडून त्याचा भुगा होतो. त्याला सिलिका जेलपासून लांबच ठेवायचं.

महिन्यातून एकदा काच सरकवून प्रत्येक कप्पा पाहावा. पांढरी पूड, हिरवा डाग किंवा लाकडाचा ताजा भुसा दिसला, तर ती वस्तू त्याच दिवशी बाहेर काढून वेगळी ठेवावी.