ग्रंथकारांच्या दोन सभा

गेल्या हिवाळ्यांत आमच्या गांवीं नगरवाचनालयाच्या वरच्या मजल्यावर इकडच्या लिहिणाऱ्या मंडळींची एक सभा भरली होती. सभा म्हणण्यापेक्षां तिला बैठक म्हणणेंच अधिक शोभेल. कारण तेथें अध्यक्ष नव्हता, हारतुरे नव्हते, आणि सतरंजीवर बसलेल्या तीस-पस्तीस मंडळींपैकीं ज्यांचें पुस्तक छापून निघालें आहे असे पांच-सात जणही नसावेत. कोणी तालुक्यांतल्या जुन्या बारवांची हकीकत लिहितो, कोणी आपल्या शेताच्या खर्चाचा जमाखर्च दरसाल मांडून चार लोकांपुढें ठेवितो, तर एक परिचारिका रात्रपाळींत पाहिलेलें लिहून काढिते. मराठी ग्रंथकारांच्या पहिल्या सभेविषयीं दोन शब्द सांगावे म्हणून आम्हांला तेथें बोलाविलें होतें. प्रोफेसर माणसाला दोन शब्द बोलण्यास सांगितलें म्हणजे तो पाऊण तास बोलतो; ही खोड आम्हांलाही आहे. तरीही सांगावयाचें तें त्या दिवशीं पुरतें सांगून झालें नाहीं, आणि त्याचें कारण श्रोत्यांनींच आम्हांस दाखविलें. तें ओघानें येईलच.

पहिली सभा भरली ती ११ मे १८७८ रोजीं, पुण्यास हिराबागेंत. तिचें आवाहन ७ फेब्रुवारीस 'ज्ञानप्रकाशां'त निघालें होतें, आणि त्याखालीं नांवें होतीं गोपाळ हरि देशमुख व महादेव गोविंद रानडे यांचीं. लोकहितवादी तेव्हां पंचावन्न वर्षांचे, रानडे अवघे छत्तीस. दोघेही सरकारच्या न्यायखात्यांतले नोकर. आतां हें साल कसें होतें तें वाचकांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. १८७६ पासून दख्खन दुष्काळानें होरपळून निघालेलें. त्यांतच १८७७ च्या पहिल्या दिवशीं दिल्लीस दरबार भरवून राणीसाहेबांस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलेलें. एकीकडे तोफांच्या सलाम्या, दुसरीकडे सार्वजनिक सभेचे लोक गांवोगांवची दुष्काळाची माहिती गोळा करून सरकारास पाठवीत आहेत, असें तें चित्र.

आणि आवाहन निघून पुरते दीड महिनेही झाले नाहींत तोंच, १४ मार्च १८७८ रोजीं, लॉर्ड लिटन यांनीं देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा एकाच बैठकींत पास करून घेतला. देशी भाषेंत पत्र छापणाऱ्याकडून मॅजिस्ट्रेटानें जातमुचलका वा अनामत घ्यावी, मजकूर आक्षेपार्ह वाटल्यास ती जप्त करावी, आणि त्याविरुद्ध न्यायालयाकडे दाद म्हणून मागतां येऊं नये, अशी त्यांतली व्यवस्था. इंग्रजी पत्रांस मात्र हा कायदा लागू नव्हता. बंगाल्यांतील 'अमृत बझार पत्रिके'नें ही फट नेमकी हेरली आणि बंगाली वेष टाकून ती इंग्रजींत निघूं लागली. युक्ति खरीच नामी; परंतु तिच्यांतलें दुःखही ध्यानांत घेतलें पाहिजे. आपल्याच भाषेंत लिहिणें जोखमीचें, परक्या भाषेंत लिहिणें निर्धास्त! आम्ही उभी हयात इंग्रजी शिकविण्यांत घालविली, म्हणून ही गोष्ट आम्हांला थोडी अधिकच बोंचते.

ग्रंथकारांची सभा ह्या कायद्याच्या निषेधार्थ भरली असें कोणी समजूं नये. तिचें आवाहन कायद्याच्या आधींचें, आणि तिचा हेतु साधा होता: ग्रंथकारांनीं एकमेकांस भेटावें, आणि ग्रंथप्रसारास चालना कशी देतां येईल याचा विचार करावा. पण ज्या उन्हाळ्यांत देशी भाषा म्हणजेच संशयाचें स्थान ठरली होती, त्याच उन्हाळ्यांत सरकारी न्यायाधीशानें त्या भाषेच्या लेखकांस एकत्र बोलावून अध्यक्षस्थानीं बसावें, ह्यांत धारिष्ट नव्हतें असें आम्ही म्हणणार नाहीं. पुढच्याच वर्षीं वासुदेव बळवंतांच्या बंडाचा गलबला झाला तेव्हां रानड्यांची धुळ्यास बदली झाली, आणि तेथें त्यांचीं पत्रें फोडून पाहिलीं जात.

सरकारापेक्षांही मोठी अडचण घरचीच होती. मुंबई युनिव्हर्सिटी १८५७ सालीं स्थापन झाली, आणि पुढच्या दशकांतच तिनें देशी भाषांना वरच्या परीक्षांतून काढून टाकून त्यांच्या जागीं संस्कृतादि अभिजात भाषा आणल्या. म्हणजे जो शिकला तो मराठीला दुरावला, आणि जो मराठींत राहिला त्याला नवें ज्ञान मिळेना. रानडे ह्या एका गोष्टीचा पाठपुरावा मरेपर्यंत करीत होते. १८९८ सालीं त्यांनीं मराठी वाङ्मयाच्या वाढीचा जो आढावा इंग्रजींत लिहिला, तोही आमच्या भाषेंत शिकविण्याजोगें कांहीं आहे हें दाखविण्यासाठींच. त्यांच्या पिढीचा आशावाद असा हिशेबी होता. केवळ 'भारतभूमीचा उदय होवो' असें म्हणून ते थांबत नसत, पुस्तकें किती निघालीं तें मोजीत. १८७४ पासून 'निबंधमाला' काढणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्याच लोकहितवादींवर कडाडून तुटून पडत होते, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. भाषेचा अभिमान दोन्ही पक्षांस सारखाच. देशाच्या दुखण्याचें निदान मात्र अगदीं निराळें.

दुसरी सभा भरण्यास सात वर्षें लागलीं. २४ मे १८८५ रोजीं ती पुण्यासच, सार्वजनिक सभेच्या जोशी हॉलांत, कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या अध्यक्षतेखालीं झाली. ह्या सात वर्षांत वारा किती फिरला होता! लिटनसाहेबांचा कायदा रिपनसाहेबांच्या अमदानींत, १८८२ सालीं, रद्द झाला. त्याच साली स्थानिक स्वराज्याचा ठराव निघाला. १८८० त न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ त 'केसरी' व 'मराठा', १८८४ त डेक्कन एज्युकेशन सोसायटी, आणि १८८५ च्या जानेवारींत फर्ग्युसन कॉलेज. त्याच वर्षीच्या डिसेंबरांत राष्ट्रसभेची पहिली बैठकही पुण्यासच भरावयाची होती. कॉलऱ्याच्या साथीमुळें ती मुंबईस नेली, आणि तेथें बहात्तर प्रतिनिधि जमले. सारांश, १८८५ च्या वैशाखांत पुण्याच्या सुशिक्षित माणसाला आपल्या देशाविषयीं आशा वाटली नसती तरच नवल.

त्या सभेचें निमंत्रण रानड्यांनीं जोतीराव फुले यांस धाडलें होतें. दोघांचा परिचय नवा नव्हता. १८७५ सालीं स्वामी दयानंदांची मिरवणूक पुण्यांत निघाली, विरोधकांनीं धुडगूस घातला, तेव्हां रानड्यांच्या हांकेला ओ देऊन फुले आपल्या माणसांसह त्या मिरवणुकींत चालले होते. 'गुलामगिरी' १८७३ सालीं प्रसिद्ध झालेली. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालीं लिहून झालेला. ग्रंथकार ह्या नात्यानें त्यांचा अधिकार कोणाहून उणा नव्हता. निमंत्रण धाडलें हें रानड्यांना भूषणावह आहे. परंतु फुल्यांनीं तें स्वीकारलें नाहीं. न येण्याचीं कारणें त्यांनीं पत्र लिहून कळविलीं, आणि तें पत्र ११ जून १८८५ च्या 'ज्ञानोदयां'त छापून आलें.

पत्राचा आशय थोडक्यांत असा. जे लोक इतरांस मनुष्यमात्राचे हक्क खुशीनें देत नाहींत, आणि पुढेंही देतील असें त्यांच्या वर्तनावरून दिसत नाहीं, त्यांच्या सभांशीं व पुस्तकांशीं आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाहीं. पिढ्यान् पिढ्या आम्हीं जें सोसलें, तें त्यांच्या ग्रंथांत येणें शक्य नाहीं. सर्वांची एकी व्हावी अशी खरोखर इच्छा असेल, तर एकीचें मूळ कशांत आहे तें आधीं शोधून काढावें. आणि शेवटीं, आमचा विचार आतां आमचा आम्हीच करूं.

आमच्या विद्यार्थिदशेंत हें पत्र आम्हांला कोणी वाचावयास दिलें नव्हतें. पुढें जेव्हां वाचलें तेव्हां प्रथम त्याचा तिखटपणाच तेवढा जाणवला, हें कबूल करितों. रानड्यांसारख्या सज्जनाला इतकें लागट लिहावयास नको होतें, असेंही तेव्हां मनांत आलें. आतां पत्र पुन्हा वाचितांना वेगळेंच दिसतें. रानड्यांच्या सौजन्याचा येथें प्रश्नच नव्हता. जोशी हॉलांत जो देश जमला होता तो किती लहान आहे, एवढेंच फुले सांगत होते. शिवाय, ज्याला कसलीच आशा उरलेली नसते तो निमंत्रणाचा कागद बाजूस टाकून देतो. कारणें देऊन सविस्तर उत्तर लिहीत बसत नाहीं.

आणि हॉलाबाहेर लेखक नव्हते असेंही नाहीं. ह्याच 'ज्ञानोदयां'त, तीस वर्षांपूर्वीं, १८५५ सालीं, फुल्यांच्या शाळेंतील मुक्ता नांवाच्या मांग जातीच्या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापला होता. आपल्या लोकांना धर्मानें काय दिलें, हा त्यांतला सवाल. सावित्रीबाईंचें 'काव्यफुले' १८५४ चें. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचें 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ सालीं पुण्यासच छापलें गेलें. पुस्तकें किती निघालीं हें मोजणाऱ्या पिढीनें हीं पुस्तकें आपल्या मोजणींत धरलीं नाहींत. त्यानंतरचा हिशेब तर सर्वांसमोर आहे: तिसरी सभा १९०५ सालीं साताऱ्यास, १९०६ त महाराष्ट्र साहित्य परिषद, स्त्री अध्यक्ष लाभली ती १९६१ सालीं ग्वाल्हेरीस, कुसुमावती देशपांडे यांच्या रूपानें, आणि शंकरराव खरात जळगांवच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले ते १९८४ सालीं, फुल्यांच्या पत्रानंतर नव्याण्णव वर्षांनीं. मध्यंतरीं १९५८ सालीं मुंबईस दलित साहित्य संमेलन भरलें, त्याचें उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनीं केलें. 'आमचा विचार आम्हीच करूं' ह्याचा अर्थ तेथें उघड दिसला.

आतां आमच्या बैठकीकडे वळूं. आम्हीं १८७८ चें वर्णन खुलवून केलें, १८८५ चेंही केलें, आणि फुल्यांचा उल्लेख दोन वाक्यांत उरकून खालीं बसलों. टाळ्या झाल्या. तेवढ्यांत शेतीचा जमाखर्च लिहिणारा तो तरुण उठून म्हणाला, "सर, आलेल्यांचीं नांवें तुम्हीं सांगितलींत. जे आले नाहींत त्यांनीं काय कळविलें, तें सगळें ऐकावयाचें आहे." ग्रंथपालांनीं खालच्या कपाटांतून फुल्यांच्या समग्र वाङ्मयाचा ग्रंथ काढून आणला. परिचारिकाबाईंनीं तें पत्र उभें राहून वाचलें. वाचून होईपर्यंत कोणी हाललें नाहीं; आम्ही तर मान वर करूनही पाहिलें नाहीं.

मग जें झालें त्यानें आम्हांला ह्या देशाविषयीं, पुष्कळ दिवसांनीं, बरें वाटलें. वाद झाला नाहीं, जातींचीं उणींदुणीं निघालीं नाहींत. एकानें वहींतलें पान फाडलें आणि आपल्या गांवांतून आज कोण आलें नाहीं त्याची यादी करावयास सर्वजण बसले. तांड्यावरची एक आजी, जिच्या नातीनें तिचीं गाणीं उतरून ठेविलीं आहेत. उर्दू शाळेचे निवृत्त मास्तर. ऊसतोडीला गेलेलीं दोन भावंडें, जीं कोयत्याच्या हंगामाची रोजनिशी लिहितात. यादींत सोळा नांवें झालीं. आमच्या दारावरून रोज जाणाऱ्या एका गृहस्थाचें नांव तींत निघालें. तो लिहितो हें आम्हांला ठाऊकच नव्हतें.

ऊसतोडीचीं माणसें परतल्यावर, वैशाखांत, पुढची बैठक घ्यावी असें ठरलें आहे. वाचनालयाची माडी तेव्हां पुरणार नाहीं. म्हणून शाळेच्या पटांगणाची परवानगी काढण्याचें आणि त्या सोळा घरीं स्वतः जाऊन निमंत्रण देण्याचें काम मंडळींनीं आमच्याकडे सोंपविलें आहे. त्यांपैकीं चार घरें झालीं. दोघांनीं येतों म्हटलें, एकानें विचार करून सांगतों म्हटलें, आणि मास्तरांनीं आधीं चहा घ्या म्हणून बसवून घेतलें.