मिठाचे डाग आणि इतिहासाचा रंग

खेळण्यातले विमान आणि विमानाची प्रतिकृती यांत फरक कोणता, असा प्रश्न एकदा वर्गात निघाला. एक विद्यार्थी म्हणाला, "सर, खेळणे नवे दिसते, प्रतिकृती वापरलेली दिसते." त्याच उत्तराचा आज थोडा विस्तार करावयाचा आहे, आणि त्यासाठी आपल्या परिचयाचे एक विमान घेऊ : भारतीय नौदलाचे 'सी हॉक'.

या जेट विमानाचा मूळ नमुना २ सप्टेंबर १९४७ रोजी इंग्लंडमध्ये प्रथम उडाला. आपल्या नौदलाचे ३०० क्रमांकाचे पथक १९६० साली वेल्समधील ब्रॉडी येथे उभे राहिले, आणि १९६१ साली नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरून ही विमाने उडू लागली. १९६४ साली नौदलाचा 'हंसा' तळ कोइमतूरजवळून दाबोळीस आला, तेव्हापासून गोव्याच्या आकाशाला त्यांचा आवाज ओळखीचा झाला. ४ डिसेंबर १९७१ रोजी याच विमानांनी 'विक्रांत'वरून झेप घेऊन कॉक्स बाजार व चितगाव येथे हल्ले केले. १९८३ साली 'सी हॅरियर' आली आणि सी हॉकांचे दिवस सरले.

प्रतिकृतीचे एक प्रचलित प्रमाण म्हणजे एकास बहात्तर, अर्थात सहा फुटांस एक इंच. सुमारे १२ मीटर लांबीचे सी हॉक या प्रमाणात १७ सेंटिमीटरांहून किंचित कमी भरते. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील मुलांकडून याच प्रमाणाच्या ५ लाख प्रतिकृती मागविल्या होत्या. शत्रूचे विमान कोणते व आपले कोणते, हे सैनिकांना शिकविण्यासाठी त्या हव्या होत्या. त्या सर्व काळ्या रंगाने रंगवावयाच्या होत्या, कारण तेथे प्रश्न केवळ आकृतीचा होता. इतिहासाचा प्रश्न त्यापुढचा असतो : या विमानाने काय सोसले?

त्याचे उत्तर रंगात मिळते. सी हॉकच्या इंजिनाचा तप्त वायू शेपटीतून बाहेर न पडता पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडत असे. म्हणून काजळी दाखवावयाची ती तेथे; शेपटीच्या टोकाला ती दाखविणे म्हणजे अज्ञान. नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा, तेव्हा धुराचा पुसट ओघळ त्यांच्या मागे. पाठीवरील गडद करडा रंग उन्हाने फिकटलेला, पोटाकडील फिका रंग तेलाच्या ओघळांनी मळलेला. समुद्रावरील खारी हवा तर पत्र्याच्या प्रत्येक सांध्यात शिरू पाहते.

गंमत अशी की, हा खारेपणा दाखविण्याची एक रीत मिठाचीच आहे. प्रथम चंदेरी रंग द्यावा, तो वाळल्यावर पृष्ठभाग किंचित ओला करून बारीक मीठ भुरभुरावे, वर करडा रंग चढवावा आणि शेवटी मीठ खरवडून काढावे. जेथे कण होते तेथे खालची धातू उघडी पडते.

आमच्या त्या विद्यार्थ्याने ही रीत फारच मनावर घेतली. त्याचे विमान देवी आलेल्या चेहऱ्यासारखे दिसू लागले. मी त्याला मोजपट्टी दिली. एक मिलिमीटरचा डाग म्हणजे खऱ्या विमानावर बहात्तर मिलिमीटरांचा! त्याने हिशेब केला आणि ओशाळून म्हणाला, "सर, हे उडेल कसे?"

प्रश्न योग्य होता. ते उडत असे, कारण नौकेवरील कर्मचारी त्याला तसे राहू देत नसत. विमानावरील मीठ गोड्या पाण्याने धुणे, खरचटलेल्या जागी नवा रंग लावणे, हे त्यांचे नित्याचे काम. म्हणून अशा विमानाची खरी खूण ओरखड्यापेक्षा ठिगळात असते : फिकटलेल्या करड्यावर ताज्या करड्याचा चौकोन. वैमानिकाचे नाव इतिहासात येते. त्या चौकोनामागचा हात निनावी राहतो. प्रतिकृती रंगविणाऱ्याने ओरखडेच दाखविले, तर तो त्या हातांवर अन्यायच करतो.

मग पुरावा कोठे शोधावा? त्या काळची छायाचित्रे बहुतेक कृष्णधवल. त्यांत डाग दिसतो, रंग दिसत नाही. दाबोळीजवळील नौदलाच्या विमान-संग्रहालयात सी हॉक प्रत्यक्ष पाहावयास मिळते. परंतु उघड्यावर ठेवलेल्या विमानावर गोव्याचे ऊन आणि पाऊस यांचा परिणाम होतो, आणि पुन्हा रंग दिला की आधीच्या खुणा झाकल्या जातात. त्याची नक्कल करणारा नकळत निवृत्तीचे विमान रंगवितो, सेवेतले नव्हे. दोन्ही साक्षीदार खरे, पण प्रत्येकाची साक्ष अपुरी. दोघांना समोरासमोर बसवून निर्णय करावा लागतो, आणि इतिहासाचा अभ्यास म्हणजे तरी दुसरे काय?

'विक्रांत' १९९७ साली सेवानिवृत्त झाली आणि २०१४ साली तिला मोडीत काढण्यात आले. तिच्या फलाटावर पाय ठेवणे आता कोणालाही शक्य नाही. आमच्या विद्यार्थ्याने मात्र आपले विमान पुन्हा रंगविले. या वेळी डाग चारच, आणि डाव्या पंखावर ताज्या रंगाचा एक लहानसा चौकोन. तो चौकोन कशाचा, असे विचारले की तो त्या धुणाऱ्या-रंगविणाऱ्या माणसांची हकीकत सांगतो. कपाटातील त्या प्रतिकृतीचे चीज झाले, असे मला वाटते.