अंगणातून निघालेली शाळा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरं मुलांच्या ताब्यात जातात. ओसरीवर भातुकली मांडली जाते. चिंचोके फोडून अष्टा-चंगाचे फासे होतात, काडेपेट्या एकामागे एक जोडून आगगाडी होते, जुन्या चादरीचा तंबू उभा राहतो. चार दिवसांनी कुणीतरी हट्ट धरतो आणि सगळं कुटुंब डबे बांधून नदीवर किंवा समुद्रावर जाऊन येतं. मोठी माणसं म्हणतात, खेळू द्या, तेवढाच त्यांचा वेळ जातो.

वेळ जातो, एवढीच त्या खेळाची किंमत आपण बरीच वर्षं केली. इतिहासाच्या पुस्तकात राजे असतात, लढाया असतात, तह असतात. चिंचोक्यांचा आणि चिंधीच्या बाहुलीचा इतिहास कोण लिहिणार? पण महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यात या चिंचोक्यांनीही इतिहास घडवला आहे. तो इतका आपलासा झाला की त्यातून आलेला एक शब्द आपण रोज उच्चारतो आणि त्याच्या पोटात काय आहे हे विसरतो. तो शब्द म्हणजे अंगणवाडी.

या गोष्टीची सुरुवात दूर रोममध्ये झाली. १९०७ साली सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत मारिया मॉन्टेसरी या डॉक्टरबाईंनी लहान मुलांचं पहिलं घर उघडलं. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुलं इमारतीच्या भिंती आणि जिने खराब करत. त्यांना कुठेतरी गुंतवावं, एवढाच घरमालकांचा हेतू होता. मॉन्टेसरीबाईंना मात्र तिथे वेगळंच दिसलं. मुलाच्या हाताला योग्य वस्तू मिळाली तर ते तासभर मन लावून काम करतं. आपण ज्याला खेळ म्हणतो ते त्याचं शिकणंच असतं. म्हणजे ही पद्धत जन्मली ती गरिबांच्या मुलांमध्ये. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढे नेमकं हेच विसरलं गेलं.

आपल्याकडे हा विचार रुजवला गिजुभाई बधेका यांनी. वकिली करणारा हा माणूस स्वतःला मुलगा झाल्यावर बालशिक्षणाची पुस्तकं वाचू लागला आणि वकिली सोडून त्यातच रमला. भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली त्यांनी बालमंदिर काढलं. लोक त्यांना प्रेमानं ‘मुछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई म्हणत. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांच्या कामात सामील झाल्या. मुंबईत जन्मलेल्या, इंदूरला वाढलेल्या, पदवीधर झालेल्या ताराबाई तेव्हा राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या विद्यालयाच्या प्रमुख होत्या. लहानग्या मुलीला घेऊन त्या भावनगरला आल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि पुढे दादरला शिशुविहार उभा राहिला.

शिशुविहार चांगला चालला. पण ताराबाईंच्या मनात एक टोचणी होती. मॉन्टेसरीची साधनं म्हणजे दट्ट्यांचे ठोकळे, एकावर एक रचायचा दहा गुलाबी घनांचा मनोरा, खरखरीत कागदाची अक्षरं. सगळं सुबक, मोजून केलेलं आणि महाग. अशी बालमंदिरं निघाली ती शहरात आणि तिथे आली ती खाऊनपिऊन सुखी घरची मुलं. रोमच्या कष्टकरी वस्तीत जन्मलेली पद्धत हिंदुस्थानात येऊन पांढरपेशी झाली होती.

याच सुमारास दुसरीकडे हाताच्या कामाचा विचार चालला होता. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावली. शिक्षण हस्तोद्योगातून आणि मातृभाषेतून द्यावं, असं तिथे ठरलं. त्याची योजना आखायला डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे राष्ट्रपती झालेल्या या शिक्षकानं हाताच्या कामाला अभ्यासक्रमात मानाची जागा दिली. मात्र ती योजना सात वर्षांच्या मुलापासून सुरू होत होती. त्याआधीची वर्षं घरच्यांवर सोडलेली होती. तुरुंगातून सुटून आल्यावर गांधीजींनी ही मर्यादा काढून टाकली. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामच्या परिषदेत नई तालीम जन्मापासून मरणापर्यंतची आहे, असा विचार पुढे आला. आता प्रश्न उरला तो एवढाच की खेड्यातल्या तीन वर्षांच्या मुलापर्यंत पोचायचं कुणी आणि कसं?

उत्तर शोधायला ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातलं, डहाणू तालुक्यातलं हे समुद्रकाठचं गाव. त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. लहानपणीच लग्न झालेल्या आणि लगोलग वैधव्य आलेल्या अनुताई शिकून पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या होत्या. कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात दोघींची गाठ पडली. ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या, अनुताई पस्तिशीच्या. हुजूरपागेतली नोकरी मागे टाकून अनुताई जिथे गेल्या तिथे ना वीज होती, ना वाट पाहणारे विद्यार्थी.

ते वर्षही साधं नव्हतं. १९४५ च्या मे महिन्यात याच भागात झरी इथे गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली एकत्र आले आणि वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. लग्नासाठी कर्ज काढलं म्हणून नवरा-बायको दोघांनी सावकाराच्या घरी राबायचं, अशी तिथली रीत होती. ज्या घरात आईबापांचा दिवस त्यांच्या मालकीचा नाही, त्या घरातल्या मुलाला बालपण कुठून मिळणार? गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ते जग लिहून ठेवलं आहे. लढ्याची वाट वेगळी आणि बालवाडीची वेगळी. पण दोन्ही वाटा त्याच माणसांच्या दारात जात होत्या.

बोर्डीत बालवाडी निघाली. गावातली मुलं आली, पण दलित वस्तीतली आणि पाड्यांवरची मुलं येईनात. आणायला गेलं की पळून जात. कुणाच्या अंगावर धड कपडा नव्हता. कुणाच्या कडेवर धाकटं भावंड होतं. जातीची भिंत तर होतीच. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, यांना शिक्षणाची आवड नाही. या दोघींनी उलट विचार केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडे जावं. त्या वस्तीत गेल्या आणि तिथल्याच एका अंगणात त्यांनी बालवाडी मांडली. आधी मुलांना आंघोळ, नखं कापणं, केस विंचरणं. मग गाणी, गोष्टी, खेळ. आया उंबऱ्यात उभ्या राहून बघत. अंगणात भरणारी वाडी, म्हणून अंगणवाडी.

आता साधनांचं काय? गुलाबी मनोरा इथे परवडणार नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. समुद्रावर शिंपले होते, लहानमोठे, खरखरीत आणि गुळगुळीत. झाडाखाली बिया होत्या, ओढ्यात गोटे होते, रानात पानं, फुलं, काड्या आणि बांबू होते. शिंपले लावून लहान-मोठं कळतं, चिंचोके मोजून संख्या कळते, पानं जुळवून आकार कळतात. मडक्यात पाणी भरताना आणि ओतताना हाताला नेमकेपणा येतो. जमीन सारवली की तीच पाटी. याच तालुक्यातले थोर वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्याबद्दल सांगतात की लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले आणि धुळीत चित्रं काढूनच आपलं म्हणणं सांगू लागले. मूल आधी हातानं बोलतं, याला आणखी पुरावा काय हवा?

आमच्या घरी ईदचे कपडे शिवून झाले की उरलेल्या तुकड्यांची अम्मी बाहुली करायची. आत जुनी चिंधी, वर नवा रेशमी तुकडा, डोळ्यांना काळा दोरा. बाहुलीला दागिना म्हणून आम्ही मणी ओवायचो. तेव्हा कुणी सांगितलं नाही की सुईत दोरा ओवताना बोटं लिहायला तयार होत असतात. आईला ते ठाऊक नव्हतं, पण ती करत होती. ताराबाई-अनुताईंचं मोठेपण मला इथे दिसतं. घरातल्या बायका जे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या, त्याला त्यांनी शास्त्राचं बळ दिलं आणि ज्या घरातल्या आईला तेवढाही वेळ मिळत नव्हता तिच्या मुलापर्यंत ते नेलं.

१९५६-५७ च्या सुमारास हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलं, थेट आदिवासी वस्तीत. तिथे आणखी एक गोष्ट कळली. एकट्या मुलाला शिकवताच येत नाही, शिकवायचं तर सगळ्या कुटुंबाचं वेळापत्रक समजून घ्यावं लागतं. आठ वर्षांची ताई शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर वर्षाचं बाळ असतं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला नाव दिलं विकासवाडी. ताई वर्गात, मधलं बालवाडीत आणि तान्हं पाळण्यात. दहा वर्षांचा भाऊ मात्र गुरं घेऊन रानात. मग त्याच्यासाठी शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा. गुरं चरताहेत आणि झाडाखाली अक्षरं गिरवली जाताहेत.

शहरातल्या मुलाची सहल वर्षातून एकदा असते. इथे रोजचं रानच शाळा झालं. आणि उन्हाळा? वारली घरात उन्हाळा म्हणजे सुट्टी नव्हे. मोहाची फुलं वेचायची, लाकूडफाटा जमवायचा, नाहीतर आईबापांबरोबर दूरच्या वीटभट्टीवर जायचं. आजही या भागातली अनेक कुटुंबं दिवाळीनंतर भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ‘उन्हाळ्याची सुट्टी’ हा शब्द आपण किती सहज वापरतो, पण तो सगळ्यांच्या वाट्याला आलेला नाही.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू केली. तिच्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. अनुताईंना हे पाहता आलं. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९२ मध्ये त्यांचं निधन झालं. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. पोषण, लसीकरण, गरोदर बायकांची काळजी अशी मोठी कामं त्या करतात, आणि सेविका ती तुटपुंज्या मानधनावर निभावतात.

पण शब्द देशभर पोचताना त्यातलं अंगण मागे पडलं. पुष्कळ अंगणवाड्या एका खोलीत भरतात, शहरात तर भाड्याच्या. सेविकेचे हात आधी नोंदवह्यांत आणि आता मोबाइलमध्ये अडकलेले. पोटाला खाऊ मिळतो, हाताला मात्र काम मिळतंच असं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन वर्षांपासूनचं शिक्षण पायाभूत मानलं. २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ नावाची खेळसाहित्याची पेटीही आली. चांगलंच झालं. मात्र पेटी वरून येते आणि जपून ठेवायची वस्तू बनून कपाटात जाऊ शकते. शिंपला हरवला तर दुसरा उचलता येतो. बोर्डीच्या साधनांची ताकद त्यांच्या स्वस्ताईत होतीच, पण त्याहून अधिक ती यात होती की मूल घरी गेल्यावरही तीच वस्तू त्याच्या अंगणात पडलेली असे आणि शिकणं चालू राही.

मे महिन्यात मुंबईची कितीतरी कुटुंबं घोलवडला उतरून बोर्डीला जातात. सुरूच्या बनात बसतात, चिकू खातात, मुलं वाळूत किल्ले करतात. जरूर जा. एक सकाळ काढून कोसबाडच्या टेकडीवरही जा आणि मुलांना सांगा की तुम्ही वेचता त्या शिंपल्यांनी इथे मुलं मोजायला शिकली. परत आल्यावर आपल्या गल्लीतली अंगणवाडी कुठे आहे ते शोधा. बहुतेकांना ते ठाऊक नसतं. तिथल्या ताईंना विचारा, मुलांच्या हाताला काय हवं आहे. एखादी आजी जुन्या कपड्यांच्या बाहुल्या शिवून देईल, एखादे सुतारकाका उरलेल्या लाकडाचे ठोकळे तासून देतील, आपली मुलं सुट्टीत जमवलेल्या बिया आणि शिंपले नेऊन देतील आणि तासभर तिथल्या मुलांबरोबर खेळतील. या कामाला सरकारी आदेश लागत नाही. १९४५ सालीही तो लागला नव्हता.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)