माझ्या मशीनवर तर चालतंय!

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कुठल्याही ऑफिसात हे वाक्य ऐकू येतं. टेस्टिंगवाला बग दाखवतो, कोड लिहिणारा खांदे उडवतो आणि म्हणतो, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय.’ बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो, आणि गोची तिथेच आहे. इंटरनेट ज्या खुल्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर उभं आहे, त्याचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या एका वाक्याला दिलेल्या उत्तरांचा इतिहास.

आधी एक साधी गंमत. २५ ला आपण पंचवीस म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. इंग्रजीत ट्वेंटी-फाइव्ह, म्हणजे वीस आधी. आकडा तोच, सांगायचा क्रम उलटा. कॉम्प्युटरचंही असंच असतं. दोन बाइटची संख्या मेमरीत ठेवताना काही प्रोसेसर लहान टोक आधी ठेवतात, काही मोठं. गलिव्हरच्या सफरीत अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून दोन पंथ भांडतात. डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० च्या टिपणात त्यांचीच नावं या दोन पद्धतींना दिली: लिटल एंडियन आणि बिग एंडियन.

एकाच मशीनच्या आत यानं काही बिघडत नाही. पण वेगवेगळ्या पद्धतीची दोन मशीनं तारेने जोडली की एकाने पाठवलेला ८० दुसऱ्याला २०४८० दिसतो. म्हणून नेटवर्कवर पाठवताना मोठं टोक आधी, असा नियम ठरला आणि आकडा उलटवून देणारी छोटी फंक्शन्स आली. आता एखादा प्रोग्रामर ते फंक्शन लावायला विसरला तर? त्या काळच्या सन मशीनचा क्रम आधीच नेटवर्कसारखा होता, त्यामुळे तिथे चूक दिसायचीच नाही. वॅक्स मशीनवर मात्र तोच कोड गडबडायचा.

उलटंही व्हायचं. १९८३ साली बर्कलीहून ४.२ बीएसडी आलं. सॉकेट आणि टीसीपी/आयपी घेऊन आलेलं हे युनिक्स अनेकांनी वॅक्सवरच वापरलं. वॅक्सवर मेमरीतला शून्य क्रमांकाचा पत्ता वाचता यायचा आणि तिथे शून्यच मिळायचं. त्यामुळे रिकामा पॉइंटर चुकून वापरला तरी प्रोग्राम त्याला रिकामी ओळ समजून पुढे जायचा. तोच प्रोग्राम सनवर नेला की धाडकन कोसळायचा. सगळं जग म्हणजे वॅक्सच, असं धरून कोड लिहिणाऱ्यांना तेव्हा टोमणे बसायचे. बग सनने आणलेला नव्हता. तो आधीपासून होता, सनने फक्त दाखवला.

आपल्याकडे १९८६ साली अर्नेटची सुरुवात झाली. सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि यूएनडीपी यांचं पाठबळ होतं. मुंबईची एनसीएसटी, बंगळूरची आयआयएससी, पाच आयआयटी आणि खुद्द तो विभाग अशा आठ जागा होत्या. आधी यूयूसीपीवरून फक्त ईमेल जायची. पुढे लीज्ड लाइनवर टीसीपी/आयपी आणि ओएसआय हे दोन्ही संच शेजारी-शेजारी चालले. १९९५ पासून जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवर आली. टीसीपी/आयपी जगभर जिंकलं त्याचं एक मोठं कारण हेच, की त्याचा चालता कोड हातात मिळत होता आणि तो ज्याला-त्याला आपापल्या मशीनवर नेता येत होता.

१९९५ हे वर्ष आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं. १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत एका अनाथ सर्व्हरची डागडुजी चालू होती. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या संस्थेत रॉब मॅक्कूल यांनी लिहिलेला वेब सर्व्हर तेव्हा सगळ्यात लोकप्रिय होता. १९९४ च्या मध्यावर ते तिथून बाहेर पडले आणि काम थांबलं. वेबसाइट चालवणारे लोक आपापल्या मशीनवर तो स्वतःच दुरुस्त करत होते. फेब्रुवारी १९९५ मध्ये ब्रायन बेलेनडॉर्फ, रॉय फील्डिंग, रॉबर्ट थाऊ वगैरे आठ जणांनी ही ठिगळं एकत्र आणली. एप्रिलमध्ये पहिली आवृत्ती आली, १ डिसेंबरला १.०, आणि वर्षभरातच हा सर्व्हर जगात पहिल्या क्रमांकावर गेला. नाव अपाची. अपाची या मूलनिवासी जमातीबद्दलच्या आदरातून ते घेतलं असं बेलेनडॉर्फ सांगतात. पण ‘अ पॅची’, म्हणजे ठिगळांचा, ही कोटीही तितकीच गाजली. आपण गोधडी म्हटली असती.

या गोधडीचं एक ठिगळ बघू. अपाची एकाच दारावर अनेक प्रोसेस उभ्या करतो. ग्राहक आला की त्यातली एक त्याला आत घेते. काही युनिक्सवर हे सुरळीत चालायचं. सोलारिससारख्या काही ठिकाणी दोन प्रोसेस एकदम धावल्या की गोंधळ व्हायचा. उपाय सोपा होता: दारावर कुलूप ठेवायचं, किल्ली ज्याच्याकडे तोच पुढे जाईल. पण कुलूप लावायची सोयही प्रत्येक सिस्टिमवर वेगळी. म्हणून कोडमध्ये सनओएस, आयरिक्स, एचपी-यूएक्स, एआयएक्स, लिनक्स अशा प्रत्येकासाठी वेगळ्या ओळी आल्या. पुढे २००२ च्या अपाची २.० मध्ये हे सगळे फरक ‘अपाची पोर्टेबल रनटाइम’ नावाच्या वेगळ्या थरात ठेवले गेले.

हे जुनं झालं, आता सगळीकडे लिनक्सच, असं वाटत असेल तर जुलै २०२४ आठवा. ओपनएसएसएच हा सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याचा दरवाजा. तो ओपनबीएसडी या सिस्टिमसाठी लिहिला जातो आणि दुसरी टीम तो बाकीच्या सिस्टिमवर नेते. म्हणून आवृत्तीच्या आकड्यामागे ‘पी’ लागतो. ठरावीक वेळेत लॉगिन झालं नाही की सर्व्हर हातातलं काम अर्धवट टाकून लॉगमध्ये नोंद करतो. ओपनबीएसडीने २००१ सालीच ही नोंद अशा क्षणी सुरक्षित राहील अशी सोय केली होती. लिनक्सच्या जीलिबसीमध्ये ती तशी सुरक्षित नाही. यातलं भोक २००६ मध्ये बुजवलं गेलं होतं. ऑक्टोबर २०२० मधल्या एका बदलात, त्या वेगळ्या सिस्टिमांसाठी ठेवलेली संरक्षक ओळ उडाली आणि भोक परत उघडलं. क्वालिसच्या संशोधकांनी ते दाखवेपर्यंत जवळपास चार वर्षं गेली. ९.८पी१ मध्ये ते बंद झालं. मूळ ओपनबीएसडीवर हा धोका नव्हताच. तिथे ते खरोखर ‘चालत होतं’.

आता तुमच्या हातातल्या फोनकडे बघा. तोही एक वेगळं मशीन आहे. प्रोसेसर एआरएम, सी लायब्ररी जीलिबसी नाही तर बायोनिक. टर्मक्स टाकून त्यावर अपाची चालवता येतो. पण १०२४ च्या खालचे पोर्ट सहज मिळत नाहीत, नेहमीचं ‘टीएमपी’ फोल्डर ठरल्या जागी नसतं, आणि लिनक्स म्हणजे अमुकच असं धरून लिहिलेला कोड अडखळतो. यवतमाळच्या लोहारा एमआयडीसी परिसरात शिकणाऱ्या मुलाकडे नवाकोरा लॅपटॉप नसेल; जुना ३२ बिटचा डबा आणि एक स्वस्त फोन असेल. आपल्याला ही गरिबी वाटते. पण चाळीस वर्षांचा हा इतिहास सांगतो, की लपलेला बग वेगळ्या मशीनवाल्यालाच आधी दिसतो.

तेव्हा पुढच्या वेळी काही कोसळलं तर नुसतं पुसून पुन्हा टाकू नका. कुठलं मशीन, कुठली सिस्टिम, कुठली आवृत्ती, काय केल्यावर कोसळतं, एवढ्या चार गोष्टी लिहा आणि कोड सांभाळणाऱ्यांना पाठवा. जमलं तर सोबत दोन ओळींचं ठिगळही जोडा.