दमा असल्यास गंभीर जिवाणू संसर्गाचा धोका वाढतो का?

सोयाबीनची मळणी सुरू झाली, की नांदेड-लातूर भागात धाप लागलेले रुग्ण दवाखान्यात येऊ लागतात. सोबतचे नातेवाईक काळजीने विचारतात, "डॉक्टर, याचा न्यूमोनिया तर होणार नाही ना? एखादं अँटिबायोटिक द्या की."

धोका किती?

धोका वाढतो, पण घाबरण्याइतका नाही. दम्यात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला सूज असते, कफ चिकट होऊन साचतो आणि जंतू बाहेर टाकण्याचे काम मंदावते. न्यूमोकोकस हा जिवाणू निरोगी माणसाच्याही नाका-घशात असू शकतो. तो फुफ्फुसात उतरला तर न्यूमोनिया होतो. रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात पोहोचला तर जिवावर बेतते.

अमेरिकेतील टेनेसी राज्यात 2 ते 49 वर्षे वयाच्या लोकांचा अभ्यास झाला. तो 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. असा गंभीर न्यूमोकोकल आजार दमा नसलेल्या 1 लाख लोकांमागे वर्षाला 12 जणांना, सौम्य दमा असलेल्यांत 23 जणांना, तर तीव्र दमा असलेल्यांत 42 जणांना झाला. म्हणजे धोका सुमारे दुप्पट किंवा त्याहून जास्त, तरीही एकूण प्रमाण कमीच. दमा जितका आटोक्यात, तितके चांगले.

प्रत्येक धापेला अँटिबायोटिक लागते का?

नाही. दम्याचा झटका बहुतेक वेळा सर्दीचे विषाणू, धूळ किंवा धूर यांमुळे येतो. त्यांवर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. नुसता पिवळा बेडका म्हणजे जिवाणू संसर्ग, असेही नाही.

काय करावे?

- रोजचा पंप बरे वाटले म्हणून बंद करू नका. त्यातील स्टेरॉइडची मात्रा अगदी कमी असते. पंप घेतल्यावर चूळ भरा.
- मेडिकलमधून स्वतःहून स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. त्या वारंवार घेतल्याने प्रतिकारशक्ती कमी होते. डॉक्टरांनी दिलेल्या असतील तर मनाने थांबवूही नका.
- मळणी, दाल मिल किंवा मोंढ्यात काम असेल तर नाका-तोंडावर मास्क लावा. चुलीचा धूर, बिडी-सिगारेट टाळा.
- बाळाला सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी न्यूमोकोकल (पीसीव्ही) लस 6 आठवडे, 14 आठवडे आणि 9 महिने या वयात द्या. दमा असलेल्या मोठ्यांनी ही लस व दरवर्षीची फ्लूची लस याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

ताबडतोब रुग्णालयात कधी न्यावे?

- थंडी वाजून जोराचा ताप, श्वास घेताना छातीत एका बाजूला दुखणे, गंजासारखा किंवा रक्तमिश्रित बेडका
- पंप घेऊनही धाप न थांबणे, एक वाक्यही पूर्ण बोलता न येणे
- ओठ निळसर पडणे, ऑक्सिमीटरवर 94 पेक्षा कमी आकडा
- गुंगी, बरळणे, मान आखडणे
- लहान मुलाच्या बरगड्यांखालची जागा श्वास घेताना आत ओढली जाणे, दूध न पिणे

अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा किंवा जवळचे रुग्णालय गाठा. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जाताना रुग्णाचा पंप आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत घ्या. न्यूमोनियावर वेळेत उपचार सुरू झाले, तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.