जोशींचा वाढदिवस आणि फ्लॉपीची खाच

१९९० च्या जूनमध्ये व्हायरसच्या जागतिक यादीत अगदी घरचं आडनाव दाखल झालं: जोशी. भारतात सापडलेला हा व्हायरस वर्षभर मुकाट बसे आणि ५ जानेवारीला मशीन अडवून धरी. 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा, तरच पुढं काम! रत्नागिरीत हाक मारली तर चार जोशी ओ देतील, पण या जोशीबुवांना घराबाहेर काढणं सोपं नव्हतं.

त्या काळचा डॉस म्हणजे ना गडगा, ना बेडं, असं घर. पासवर्ड नाही, वापरणाऱ्यांची वेगवेगळी खाती नाहीत. कुठलाही प्रोग्रॅम डिस्कवर कुठंही लिहू शके. जोशी शिरे तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून. संध्याकाळी फ्लॉपी ए ड्राइव्हमध्ये विसरली आणि सकाळी तसंच मशीन सुरू केलं, की हार्ड डिस्क बाटली. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं तरी तो मेमरीतून हलत नसे. वीजच बंद करायची आणि लॉक केलेल्या स्वच्छ सिस्टिम फ्लॉपीवरून मशीन पुन्हा उठवायचं.

हे लॉक करणंही गमतीचं. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की तिच्यावर काही लिहिलं जात नसे. साडेतीन इंची आली आणि सगळं उलटलं: छोटी खिडकी उघडी असेल तर लॉक, झाकली तर लिहायला मोकळी. सगळी सुरक्षा बोटांच्या सवयीवर.

पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. पुढं संगणक दुरुस्तीला येऊ लागले, ते व्हायरस घेऊनच. धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर डॉससाठी प्रोग्रॅम लिहिला, १९९५ मध्ये कंपनीची नोंदणी झाली. तीच आजची क्विक हील. २०१६ मध्ये ती शेअर बाजारात उतरली. धंदा उत्तम चालला. पण खरं पाहता हा दार न बसवता राखणदार नेमण्याचाच प्रकार होता.

दारं बसली ती सावकाश. विंडोज एक्सपीची फायरवॉल आपोआप चालू झाली २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून. पेनड्राइव्ह खुपसताच त्यातलं काहीबाही आपोआप सुरू होण्याची खोड मायक्रोसॉफ्टनं जुन्या विंडोजवरही २०११ मध्ये मोडली. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आलं. सही पटल्याशिवाय मशीन बूटचा कोड चालवेना. म्हणजे जोशी ज्या वाटेनं येई, तीच वाट बंद.

आता सातबाराही डिजिटल सहीचा झाला. कोकणातल्या वडिलोपार्जित जमिनीचा उतारा मुंबईत बसून १५ रुपयांत निघतो. अशा सहीसाठी यूएसबी टोकन वापरतात. सहीची गुप्त किल्ली त्या टोकनच्या आतच राहते, संगणकावर उतरत नाही. मशीनला व्हायरस लागलेला असू शकतो, हे इथं आधीच धरून चाललेलं आहे. टोकनचा पिन मात्र कीबोर्डवरूनच टाकावा लागतो.